रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला वीज कुठून मिळणार?

मुंबईत विजेवर चालणारी गाडी कोणाला परवडते, हे तिच्या किमतीपेक्षा ती रात्री कुठे उभी राहते यावर जास्त ठरते. माझा मावसभाऊ मुलुंडला राहतो. सोसायटीत त्याच्या नावाची जागा आहे, त्या जागेमागच्या भिंतीवर त्याच्याच मीटरवरून वीज घेणारा चार्जर बसवलेला आहे, आणि सकाळी भरलेली गाडी बाहेर काढणे त्याच्या इतके अंगवळणी पडले आहे की सार्वजनिक चार्जिंगचा विषय निघाला की त्याला फक्त पुण्याचा प्रवास आठवतो. मी परळला, पागडीच्या जुन्या इमारतीत राहते. आवारात दुचाक्या जेमतेम मावतात आणि चारचाकी गाड्या रस्त्याच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे उभ्या राहतात. आम्हा दोघांच्या गाड्यांची बॅटरी जवळपास सारखीच आहे, रोजचे अंतरही फार वेगळे नाही. तरीही गाडी वापरण्याचा त्याचा अनुभव आणि माझा अनुभव यांत काहीच साम्य नाही, कारण माझ्या गाडीत जाणारे एकही युनिट घरच्या मीटरवरून येत नाही. या शहरात माझ्यासारख्यांची संख्या त्याच्यासारख्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि चार्जिंगची आखणी करताना विचार मात्र बहुधा त्याच्यासारख्यांचा होतो, असे मला गेल्या काही काळात ठामपणे वाटू लागले आहे.

आधी गरज नेमकी किती आहे ते पाहू. परळहून अंधेरीला कामावर जाऊन परत येणे 40 किलोमीटरच्या आत होते. माझी गाडी शहरात किलोमीटरला साधारण 150 वॉट-तास वीज खाते, म्हणजे दिवसाची गरज सहा युनिटांची (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास). घरातल्या गीझरला किंवा वातानुकूलन यंत्राला लावतो तो 15 अँपिअरचा सॉकेट 230 व्होल्टला सुमारे साडेतीन किलोवॉट देऊ शकतो. ही सहा युनिटे त्यातून दोन तासांत भरतात, आणि गाडी रात्री नऊ-दहा तास जागची हलत नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या माझी अडचण एका सॉकेटने, एका मीटरने आणि चांगल्या अर्थिंगने सुटण्यासारखी आहे. चाळीत रात्री पाणी आले की पिंप भरून ठेवतात आणि दिवसभर त्यावर भागवतात, तसेच हे आहे: हळूहळू भरले तरी चालते, सकाळी भरलेले असले म्हणजे झाले.

प्रत्यक्षात शहरात उभे राहिलेले बरेचसे मोठे चार्जर जलद प्रकारचे आहेत. ते मॉलच्या तळघरात, पेट्रोल पंपांवर, हॉटेलांच्या आवारात आणि कार्यालयांच्या संकुलांत सापडतात. घरगुती वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी असते आणि बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी लागते. संथ चार्जिंगमध्ये हे रूपांतर गाडीतल्या चार्जरकडून होते, आणि त्याची क्षमता बऱ्याच गाड्यांत 3.3 किंवा 7.2 किलोवॉट एवढीच असते. जलद चार्जर हे रूपांतर स्वतःच्या कपाटात करतो आणि तयार डीसी प्रवाह थेट बॅटरीला देतो, म्हणून तो 30, 60 किंवा त्याहून अधिक किलोवॉटने भरू शकतो. पण बॅटरी 80 टक्क्यांच्या आसपास आली की गाडी स्वतःच प्रवाह कमी करायला लावते, नाहीतर सेल तापून त्यांचे आयुष्य घटते. मे महिन्याच्या दुपारी बॅटरी आधीच तापलेली असेल तर हा वेग त्याआधीही उतरतो. जानेवारी 2020 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची होती. एवढ्या बॅटरीलाही जलद चार्जरवर 80 टक्क्यांपर्यंत जायला साधारण तासभर लागत असे. आज बॅटऱ्या मोठ्या झाल्या आहेत आणि भरण्याचा वेगही वाढला आहे, पण पेट्रोलप्रमाणे पाच मिनिटांत काम उरकून निघणे आपल्याकडे अजून शक्य झालेले नाही. ज्याच्याकडे घरचा चार्जर नाही त्याला हा तास आठवड्यातून कधीतरी वेगळा काढून, एखाद्या ठिकाणी थांबून घालवावाच लागतो.

आणि तो चार्जर चालू असावा लागतो. माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे.

नकाशावर हिरवा दिसणारा चार्जर जागेवर गेल्यावर किती प्रकारांनी निरुपयोगी ठरतो, हे रोज त्यावर अवलंबून असणाऱ्यालाच कळते. पडदा गोठलेला असतो. गन, म्हणजे गाडीत लावायचे केबलचे टोक, कोणीतरी जमिनीवर टाकल्याने तिच्या टोकाची कळ तुटलेली असते. आपत्कालीन लाल बटण कोणी सहज दाबलेले असते; ते फिरवून वर आणल्याशिवाय यंत्र जागे होत नाही, आणि हे तिथल्या वॉचमनला कोणी सांगितलेले नसते. तळघरात मोबाइलची रेंज नसते. चार्जर सुरू करण्याची आज्ञा ॲपमधून दूरच्या सर्व्हरला आणि तिथून चार्जरमधल्या सिमकार्डाला जाते, त्यामुळे वीज आहे, गाडी आहे, गन आहे आणि केवळ नेटवर्क नाही म्हणून सत्र सुरू होत नाही, असे घडते. दोन गनांचा चार्जर दोन्ही गाड्यांना शक्ती वाटून देतो, म्हणजे पाटीवर 60 किलोवॉट लिहिलेले असले तरी शेजारी दुसरी गाडी लागली की आपल्याला निम्मेच मिळते. आतले एखादे रूपांतराचे मॉड्यूल बिघडले तर यंत्र चालू दिसते पण वेग गेलेला असतो, आणि ही गोष्ट कोणत्याच नकाशावर दिसत नाही. पेट्रोलवर चालणारी गाडी चार्जिंगच्या जागेत लावून मालक सिनेमाला गेलेला असणे, हे तर सगळीकडचे.

पावसाळ्यात यात भर पडते. चारचाकींच्या जलद चार्जिंगसाठी इथे रूढ असलेल्या सीसीएस-2 या जोडणीत गन लावल्यावर गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी संवाद साधतात, इन्सुलेशन तपासले जाते, आणि ते पुरेसे नसेल तर प्रवाह सुरूच होत नाही. ही सुरक्षिततेची तरतूद आहे आणि ती असायलाच हवी. पण समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंजलेली टोके, ओलावा धरलेली केबल आणि उघड्यावर उभे असलेले कपाट यांमुळे जुलै-ऑगस्टमध्ये ही तपासणी वारंवार नापास होते किंवा गळती ओळखणारा ब्रेकर ट्रिप होतो. तो पुन्हा चढवायला माणूस यावा लागतो, आणि तो कधी येतो हे ठरलेले नसते. तक्रार करायला पाटीवरच्या क्रमांकावर फोन लावला की समोरची व्यक्ती विनयाने बोलते, दुसऱ्या शहरातून बोलते, आणि यंत्र दुरून पुन्हा सुरू करून पाहते. दुरून सुटणारा दोष असला तर तो खरोखर सुटतो. नसला तर जागेचा मालक चार्जर कंपनीकडे बोट दाखवतो, चार्जर कंपनी वीजपुरवठ्याकडे किंवा गाडीच्या सॉफ्टवेअरकडे, आणि गाडीचे सेवा केंद्र पुन्हा चार्जरकडे.

मला या त्रासातून निदान कामाला उशीर होण्यापलीकडे फारसे काही सोसावे लागत नाही. लोअर परळच्या एका चार्जरवर रांगेत असताना भाड्याची इलेक्ट्रिक टॅक्सी चालवणाऱ्या एका चालकाशी बोलणे झाले. तो मूळचा सातारा जिल्ह्यातला, साकीनाक्याला आणखी तिघांबरोबर खोली करून राहणारा. खोलीला गाडीची जागा असण्याचा प्रश्नच नाही. मी त्याला विचारले, “दादा, रोज इथेच येता का?” तो म्हणाला, “जिथं चालू असेल तिथं, ताई. सकाळी एकदा, दुपारी एकदा. गाडी भरेपर्यंत मी बसून असतो. त्या वेळाचं भाडं कोण देणार?” वांद्र्यातला चार्जर त्या दिवशी बंद होता, म्हणून तो तिथून प्रवासी न घेता इथवर आला होता. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी जलद चार्जर अपरिहार्य आहे, हे मला मान्य आहे. म्हणून तर माझ्यासारखीने सहा युनिटांसाठी त्याच्या पुढे रांगेत उभे राहणे मला फार खटकते. संथ चार्जिंगची सोय नसल्यामुळे ज्यांना जलद चार्जरची गरज नाही असे लोक त्यावर गर्दी करतात, आणि ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांचा वेळ जातो.

सरकारने या क्षेत्रात काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल 2018 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नाही, त्यामुळे त्यासाठी विद्युत कायदा 2003 खालील परवाना लागत नाही. या एका निर्णयाने कोणालाही चार्जिंग केंद्र उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. शहरात दर 3 किलोमीटर बाय 3 किलोमीटरच्या चौकोनात किमान एक केंद्र आणि महामार्गावर दर 25 किलोमीटरला एक, हे उद्दिष्ट त्यांतूनच पुढे रूढ झाले. सुरुवातीला प्रत्येक केंद्रावर कोणत्या प्रकारच्या गन असाव्यात हेही ठरवून दिले होते. 2019 मध्ये ती सक्ती सैल झाली आणि बाजार चारचाकींसाठी सीसीएस-2 वर स्थिरावला. दुचाकींचे मात्र बराच काळ प्रत्येक कंपनीचे वेगळे चालले होते. भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी देशी बनावटीच्या जोडणीचे मानक 2023 मध्ये जाहीर केले. महाराष्ट्राचे विद्युत वाहन धोरण 2021 मध्ये आले आणि 2025 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. विजेवरच्या वाहनांसाठी ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या 10,900 कोटी रुपयांपैकी 2,000 कोटी रुपये केवळ सार्वजनिक चार्जिंगसाठी राखून ठेवले आहेत आणि त्यांतून देशभर सुमारे 72 हजार चार्जर उभे करण्याचे लक्ष्य आहे.

या सगळ्या आकड्यांत मोजले जाते ते बसवलेले यंत्र. ते वर्षभरात किती तास चालू होते, याचा आकडा मला सामान्य नागरिक म्हणून कुठेही सहज पाहायला मिळत नाही. अमेरिकेने 2023 मध्ये केंद्रीय निधीतून उभारलेल्या चार्जरसाठी नियम केला की प्रत्येक पोर्ट वर्षातल्या 97 टक्क्यांहून अधिक वेळ चालू असला पाहिजे. ब्रिटनच्या 2023 च्या नियमांत 50 किलोवॉट आणि त्यावरील चार्जरच्या जाळ्याला सरासरी 99 टक्के विश्वासार्हतेची अट आहे आणि ती न पाळल्यास दंडाची तरतूद आहे. ही टक्केवारी मोजण्याच्या व्याख्येत पळवाटा राहतात, वीजपुरवठा खंडित होणे किंवा मोडतोड वगळली जाते, हे मान्य करूनही मला वाटते की अनुदानाचा शेवटचा हप्ता यंत्र उभारल्याच्या दिवशी न देता वर्षभर चालवून दाखवल्यावर दिला, तर देखभालीचा माणूस आपोआप वेळेवर येऊ लागेल. आज यंत्र उभारण्याला पैसे आहेत आणि राखण्याला नाहीत.

पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो त्रास खरा असला तरी सोडवायला सोपा आहे. प्रत्येक कंपनीच्या चार्जरच्या जाळ्याचे वेगळे ॲप, प्रत्येक ॲपमध्ये वेगळे पाकीट, पाकिटात आधी भरायची किमान रक्कम, आणि सत्र मध्येच तुटले तर परत येण्याची वाट पाहायची उरलेली रक्कम. ज्या देशात भाजीवाल्याच्या गाडीवर यूपीआयचा क्यूआर कोड लावलेला असतो, तिथे चार्जरवर तो नसण्याचे काहीच कारण नाही. युरोपीय संघाने एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांत, कोणत्याही सदस्यत्वाशिवाय पैसे देऊन चार्ज करता आले पाहिजे, असे नव्या चार्जरवर बंधन घातले आहे. दराचा मुद्दा याहून गंभीर आहे. जलद चार्जरवर मी युनिटला 20 रुपयांच्या पुढचे दर भरले आहेत. गाडी घेताना तिच्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, पण सार्वजनिक चार्जिंग सेवेवर तो 18 टक्के आहे, आणि मावसभावाच्या घरच्या विजेवर जीएसटी नाही. मॉलच्या तळघरात गेले तर वाहनतळाचे पैसे वेगळे. म्हणजे ज्याच्याकडे जागा आहे तो स्वस्तात गाडी चालवतो आणि ज्याच्याकडे नाही तो त्याच किलोमीटरसाठी दुपटीने किंवा त्याहूनही जास्त मोजतो. ही विषमता मला या विषयातली सर्वात अन्यायकारक गोष्ट वाटते.

सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या सगळ्यांचेच काम सोपे आहे असेही नाही. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारून, गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला आणि महानगरांत नव्या जोडणीची मुदत सात दिवसांवरून तीन दिवसांवर आणली. कागदावर हे उत्तम आहे. पण मीटरच्या खोलीपासून गाडीच्या जागेपर्यंत केबल नेताना ती सामाईक भिंतीवरून आणि छताखालून जाते, आणि तिथे व्यवस्थापन समितीच्या ना हरकत दाखल्याचा प्रश्न येतो. आग लागली तर जबाबदार कोण, विमा लागू राहील का, एकाला दिले तर उद्या वीस जण मागतील तेव्हा इमारतीचा मंजूर भार पुरेल का, ही समितीची भीती अगदीच निराधार नाही. 60 किलोवॉटचा एक जलद चार्जर म्हणजे तीन किलोवॉटच्या वीस घरांचा भार. संथ चार्जर त्यामानाने हलका असतो, आणि सगळ्या गाड्या एकाच वेळी भरू नयेत म्हणून भार वाटून देणारी यंत्रणाही उपलब्ध आहे, पण हे समितीच्या बैठकीत समजावून सांगणारा कोणीतरी लागतो. नव्या उंच इमारतींमध्ये एक वेगळीच अडचण आहे. तिथे यांत्रिक थरांचे वाहनतळ असते, गाडी लोखंडी फळीवर चढते आणि फळी वर-खाली, डावी-उजवीकडे सरकते. अशा सरकत्या फळीवर उभ्या असलेल्या गाडीला केबल लावून ठेवणे धोक्याचे आहे, त्यासाठी फळीवरच सुरक्षित संपर्काची खास रचना लागते. केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींत 2019 च्या बदलाने 20 टक्के जागांना चार्जिंगची तयारी ठेवण्याची सूचना आली, पण फळ्यांवरच्या जागांचे काय करायचे हा प्रश्न मुंबईतल्या कितीतरी रहिवाशांसमोर तसाच उभा आहे.

जागा निश्चित असली की हे काम किती सुरळीत होते, ते मुंबईत बस चालवणाऱ्या आणि शहर भागाला वीजही पुरवणाऱ्या बेस्टच्या इलेक्ट्रिक बसगाड्यांकडे पाहून कळते. फेब्रुवारी 2023 पासून धावू लागलेली वातानुकूलित दुमजली बस असो किंवा उपनगरातली एकमजली, तिचा मार्ग ठरलेला, दिवसाचे किलोमीटर ठरलेले, आणि रात्री ती आपल्या आगारात परत येते. आगारात भारी क्षमतेची जोडणी आहे, चार्जर तिच्यासाठी राखलेला आहे, आणि तो बिघडला तर तिथेच असलेल्या माणसांना कळते. घरोघरी वस्तू पोचवणाऱ्या दुचाकीस्वारांसाठी बॅटरी बदलून देणारी केंद्रेही याच कारणाने बरी चालतात: एकाच प्रकारची बॅटरी, ठरलेले ग्राहक, दोन मिनिटांचे काम.

महामार्गाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. एवढेच नोंदवते की पुण्याला जाताना बोरघाट हिशेबात धरावा लागतो. माणसांसह पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी सहाशे मीटर उंच चढवायला केवळ चढाईपोटी जवळपास तीन युनिटे लागतात, म्हणजे सपाट रस्त्यावरचे वीसेक किलोमीटर. येताना उतारावर त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावरच्या चार्जरवर रांग लागते हे खरे आहे, पण तो प्रश्न आठवड्यातल्या काही तासांचा आहे, आणि पैसा व लक्ष दोन्ही तिकडे आधीच वळलेले आहेत. परळच्या, गिरगावच्या, माहीमच्या, कुर्ल्याच्या रस्त्यांवर रोज रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्यांकडे ते वळलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मुंबईने आता रस्त्याकडेच्या आणि सार्वजनिक वाहनतळांतल्या संथ चार्जिंगला पहिले स्थान द्यावे. लंडनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांतच सॉकेट बसवले आहेत. ते 3 ते 5 किलोवॉटच्या आसपासच देतात, केबल गाडीवाल्याने स्वतःची आणायची असते, त्यामुळे तांब्यासाठी केबल कापून नेण्याचा धोका तिथे कमी असतो. पथदिवे एलईडीवर गेले की त्या वाहिन्यांवरचा भार कमी होतो आणि ठरावीक अंतरावरच्या काही खांबांना असा सॉकेट देण्याइतकी जागा निर्माण होऊ शकते. प्रत्येक खांबाला ते जमणार नाही, त्यासाठी वाहिनीचा आकार पाहावा लागेल, आणि दक्षिण मुंबईच्या जुन्या गल्ल्यांत कदाचित स्वतंत्र केबल टाकावी लागेल. शहर भागात पथदिव्यांची वीज बेस्टची, उपनगरात वेगळ्या कंपन्यांची, रस्ता महापालिकेचा; म्हणजे हे काम कोणा एका कार्यालयाच्या टेबलावर पूर्ण होणारे नाही, याची मला जाणीव आहे. पण यंत्राची किंमत ही सबब उरलेली नाही. हलक्या वाहनांसाठी तीन किलोवॉटपर्यंतच्या स्वस्त एसी चार्जिंग पॉइंटचे भारतीय मानक 2021 मध्येच तयार झाले आणि तेव्हा त्याची किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट होते. जलद चार्जरच्या लाखांतल्या खर्चाशी तुलना केली तर एका जलद चार्जरच्या पैशात एक अख्खी गल्ली होऊ शकते.

आक्षेप मी ऐकले आहेत. पदपथ आधीच अरुंद आहेत, त्यावर आणखी खांब नकोत, हे रास्त आहे. म्हणूनच असलेला खांब वापरावा किंवा सॉकेट वाहनतळाच्या भिंतीवर लावावा. हिंदमाताच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला पाणी तुंबण्याबद्दल कोणी सांगायला नको. सॉकेट कमरेच्या वर, झाकणासह, गळती ओळखणाऱ्या ब्रेकरसह आणि पाणी चढल्यास तो भाग बंद करता येईल अशा जोडणीसह बसवावा लागेल, आणि सखल चौक सरळ वगळावे लागतील. सॉकेटसमोर पेट्रोलची गाडी उभी राहील, हा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो, कारण त्यावर तांत्रिक उपाय नाही. जागा राखीव करायची तर शेजारच्याची रोजची जागा जाते, आणि आमच्या रस्त्यावर जागेवरून होणारी भांडणे मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यामुळे सुरुवात रस्त्यावरून न करता सार्वजनिक वाहनतळांतून करावी असे माझे मत झाले आहे. जादा चटईक्षेत्राच्या, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीच्या बदल्यात विकासकांनी महापालिकेला बांधून दिलेली बहुमजली वाहनतळे गिरणगावात आहेत. कार्यालये सुटली की त्यांचे वरचे मजले रिकामे होतात. तिथे छत आहे, राखणदार आहे, वीज आहे. रात्री आठ ते सकाळी आठ असा निवासी पास, त्यात सॉकेटचा वापर आणि युनिटप्रमाणे वेगळे बिल, एवढी व्यवस्था झाली तर आमच्यासारख्या कितीतरी इमारतींचा प्रश्न एकही खांब न रोवता हलका होईल.

दिवसाचाही विचार करायला हवा. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चार्जिंग केंद्राला मिळणाऱ्या विजेचा दर सकाळी 9 ते दुपारी 4 या सौर तासांत पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या 0.7 पट आणि उरलेल्या वेळी 1.3 पट असावा, असे ठरले आहे. दुपारची सौर वीज मुबलक असते, म्हणून हे योग्यच आहे. आमच्या इमारतीतले बहुतेक गाडीवाले परळ किंवा करी रोडहून लोकलने कामाला जातात आणि त्यांची गाडी रविवारखेरीज हलत नाही. अशी दिवसभर उभी राहणारी गाडी स्वस्त सौर तासांत भरून घेता येईल, फक्त तिच्याजवळ सॉकेट हवा. ज्यांची गाडी दिवसा कार्यालयात असते त्यांच्यासाठी हेच काम कार्यालयाच्या वाहनतळात होऊ शकते, आणि अंधेरीच्या आमच्या संकुलात मालकांनी काही साधे सॉकेट मीटरसह लावून दिल्यापासून माझे जलद चार्जरवर जाणे खूपच कमी झाले आहे. रोज जाण्याची गरज असलेल्यांसाठी तेवढी जागा मोकळी झाली, याचे मला त्याहून जास्त समाधान आहे.

आमच्या गल्लीतल्या काही गाडीवाल्यांनी मिळून महापालिकेच्या विभाग कार्यालयात एक अर्ज दिला आहे. जवळच्या सार्वजनिक वाहनतळाच्या एका मजल्यावर दहा संथ सॉकेट आणि रात्रीचा निवासी पास, त्यांच्या देखभालीचे कंत्राट देताना यंत्र किती तास चालू राहिले त्यावर देयक अवलंबून ठेवण्याची अट, आणि चालू-बंदची नोंद वाहनतळाच्या दारावर दर महिन्याला लावण्याची मागणी, असे त्यात लिहिले आहे. कार्यालयाने वाहनतळाचा मंजूर वीजभार किती आहे याची माहिती मागवली असून ती आली की वाहनतळाची पाहणी करू, असे तिथल्या अभियंत्यांनी आम्हाला सांगितले आहे. पाहणीच्या वेळी आमच्यापैकी दोघे-तिघे, इमारतीच्या वायरमन काकांसह, हजर राहणार आहोत.